जुनी एमएक्स-5 घरी दुरुस्त करताना: भाग बदलण्याआधी जोड तपासा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. 1991 सालची, 1.6 लिटर इंजिनाची, पहिल्या पिढीतील माझदा एमएक्स-5 नुकतीच विकत घेतलेली आहे. तिचा एक हेडलाइट वर येत नाही आणि दुसऱ्याचा उजेड मंद पडतो. पाऊस झाला की सीटमागचा गालिचा ओला होतो. सकाळी क्लचचे पेडल सैल लागते आणि दोन-तीनदा दाबल्याशिवाय गिअर पडत नाही. इंजिन सुरू होताना टकटक ऐकू येते, आयडलिंग वरखाली होते, आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला तेल दिसते. शिवाय काचा फार सावकाश चढतात आणि हँडब्रेक नीट पकडत नाही. एका वर्कशॉपने संपूर्ण वायरिंग बदलण्याचा आणि गिअरबॉक्स उतरवून इंजिनाचे मागचे ऑइल सील बदलण्याचा सल्ला दिला आहे. यांपैकी घरी किती करता येईल, असे विचारले आहे.

माझे उत्तर असे की यांतले जवळजवळ सगळे घरी करता येईल, आणि सुचवलेली दोन्ही मोठी कामे बहुधा करावीच लागणार नाहीत. ही गाडी 1989 साली बाजारात आली आणि 1997 पर्यंत बनत राहिली. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स साधे व दणकट आहेत, आणि बॉनेट उघडल्यावर हात घालायला पुरेशी जागा आहे. अशा गाडीत तीस वर्षांनी जे बिघडते, ते झिजण्यापेक्षा वयामुळे अधिक बिघडते. रबर कडक होते, तांब्यावर हिरवी पुटे चढतात, ग्रीस सुकून मेणासारखे होते, पाणी वाहून जाण्याच्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबतात. म्हणजे दोष बहुतेक वेळा भागात नसून दोन भागांच्या जोडात असतो. आधी जोड तपासावा आणि मगच भाग विकत घ्यावा, हा क्रम पाळला तर खर्चही वाचतो आणि गाडीचे मूळ भागही टिकतात. ते मूळ भाग बऱ्याचदा नव्या स्वस्त भागांपेक्षा चांगल्या प्रतीचे असतात.

कामाला हात घालण्यापूर्वी गाडी उचलण्याबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो, त्यामुळे स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की त्याचा काही उपयोग उरत नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. दाराखालच्या पट्ट्यावर जॅक टेकवण्याआधी तो पत्रा बोटाने आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावा. आतून गंजलेला पत्रा बाहेरून रंगामुळे छान दिसतो आणि जॅकचा भार येताच आत दबतो.

आता हेडलाइटकडे वळू. दोन्ही दिवे वर येत नसते तर फ्यूज किंवा स्विचवर संशय घेतला असता. एकच दिवा अडलेला असल्यामुळे त्याची मोटर, तिचा प्लग किंवा तिचे अर्थिंग यांच्यापुरतेच शोधावे लागेल. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटर आहे आणि मोटरवर रबरी टोपीखाली हाताने फिरवण्याची एक गुंडी दिलेली आहे. ती फिरवण्याआधी दिवे वर आणणाऱ्या मोटरींचा फ्यूज काढून ठेवावा किंवा बॅटरी सोडवावी, कारण अडलेली मोटर मध्येच चालू झाली तर सांध्यांत बोटे चिरडतात. गुंडी फिरवून दिवा सहज वर आला तर यांत्रिक बाजू ठीक आहे असे समजावे. तो जड लागला तर आधी सांध्यांमधले जुने ग्रीस पुसून नवे लावावे. त्यानंतर मोटरचा प्लग सोडवून त्याच्या पिना पाहाव्यात. त्यावर हिरवट किंवा पांढरी पावडर दिसली तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बारीक ब्रशने त्या साफ कराव्यात. अनेकदा दिवा तेवढ्यानेच वर येतो.

मंद दिव्याची गोष्ट अधिक बोधप्रद आहे, कारण संपूर्ण वायरिंग बदलण्याचा सल्ला अशाच तक्रारीतून निघतो. मल्टिमीटर ओहमवर लावून अर्थिंगची वायर तपासली तर ती ठीक दिसेल, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, कारण मीटर तपासण्यासाठी अगदी नगण्य करंट सोडतो. हेडलाइटला मात्र 4 ते 5 अँपिअर लागतात आणि तेवढा करंट त्या एका तारेतून नीट जात नाही. म्हणून मोजणी दिवा लावूनच करावी लागते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरे दिव्याच्या प्लगमागच्या काळ्या वायरीला लावावे. या गाडीत बॅटरी डिकीत असल्यामुळे मीटरच्या वायरी पुढे पोहोचत नाहीत. तेव्हा डिकीपासून बॉनेटपर्यंत एक लांब वायर ओढून घ्यावी. ती बारीक असली तरी चालते, कारण तिच्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही. दिवा चालू असताना आकडा 0.1 ते 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग उत्तम आहे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त आला तर तेवढा विद्युतदाब वाटेत वाया जात आहे. मग काळी वायर जिथे बॉडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते तो बोल्ट काढावा, पत्रा आणि वायरीचे गोल टोक सँडपेपरने चमकेपर्यंत घासावे, पुन्हा घट्ट आवळावे, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा थर द्यावा. पॉझिटिव्ह बाजूही याच रीतीने, बॅटरीचे पॉझिटिव्ह टर्मिनल आणि दिव्याची येणारी वायर यांच्यात मोजता येते. तिथे फरक जास्त आला तर स्विच आणि रिले यांचे संपर्क पाहावेत. मूळ वायरिंगच्या जागी हाताने बांधलेले नवे वायरिंग घालणे हा माझ्या मते या गाडीवर होणारा सगळ्यात मोठा अन्याय आहे. त्यानंतर कोणत्याही आकृतीवरून दोष शोधता येत नाही.

डिकीतली बॅटरी पाहणार आहोतच, तर तिला गॅस बाहेर नेणारी बारीक नळी जोडलेली आहे का तेही पाहावे. पूर्वीच्या मालकाने साधी बॅटरी बसवून ती नळी तशीच लोंबकळत ठेवलेली असते, आणि आम्लाच्या वाफेने डिकीचा तळ गंजतो. बॅटरी शांत असताना 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत.

सावकाश चढणाऱ्या काचांच्या मागे क्वचितच मोटर असते. काच ज्या खाचांमधून सरकते त्यांतले ग्रीस सुकलेले असते आणि मार्गदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे झिजलेले किंवा तुटलेले असतात. दाराचे आतले आवरण काढून खाचा पुसाव्यात, सिलिकॉन ग्रीस लावावे, आणि काच चढत असताना मोटरच्या प्लगवर व्होल्ट मोजावेत. तिथे पूर्ण दाब पोहोचत असूनही काच रेंगाळली, तरच नव्या मोटरीचा विचार करावा.

ओल्या गालिच्याकडे मात्र ताबडतोब लक्ष द्यावे, कारण या यादीतला गाडी संपवू शकणारा दोष हाच आहे. कापडी टपावरचे पाणी मागे दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबांजवळ, एका पन्हळीत जमते आणि तिथून नळीवाटे खाली उतरून मागच्या चाकाच्या पुढे रस्त्यावर पडते. ही नळी पानांनी व धुळीने तुंबली की पाणी पन्हळीवरून आत ओसंडते. काही गालिच्यात मुरते आणि काही दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठते. मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा आतून सडतो तो यामुळेच. बाहेर रंगाला फुगवटे दिसू लागतात तेव्हा आतला थर आधीच गेलेला असतो. टप खाली करून पन्हळीच्या तळाशी असलेले छिद्र बोटाने चाचपावे, हाताला येतो तेवढा कचरा उचलावा, आणि कपभर पाणी हळूहळू ओतून कोणाला तरी चाकाजवळ पाहायला सांगावे. पाणी लगेच खाली आले तर नळी मोकळी आहे. आले नाही तर मऊ प्लॅस्टिकची लवचिक दोरी किंवा जाडसर नायलॉनची तार हलकेच सरकवावी. लोखंडी तार खुपसू नये. ती नळीला भोक पाडते किंवा नळी जोडापासून सुटते, आणि मग सगळेच पाणी पोकळ पत्र्यात जाते. त्याच वेळी दाराखालच्या पट्ट्याच्या तळाशी असलेली निचऱ्याची छोटी छिद्रेही मोकळी करावीत, कारण जाडजूड अंडरकोटिंग मारताना ती बुजवलेली असतात. गालिचा बाहेर काढून, त्याच्या खालचा फोमसुद्धा पूर्ण वाळवूनच परत घालावा. ओल पुढच्या सीटच्या पायांपाशी असेल, बोटाला चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर तेलकट धुके धरत असेल, तर ते पावसाचे पाणी नसून हीटरमधून झिरपणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे, आणि ते काम वेगळे आहे.

क्लचचे निदान पाच मिनिटांत होते. क्लच ब्रेक ऑइलच्या दाबाने चालतो. पेडलजवळचा मास्टर सिलिंडर तो दाब तयार करतो आणि गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर त्या दाबाने क्लच सोडवतो. बॉनेटखालच्या क्लचच्या लहान टाकीतली या ऑइलची पातळी पाहावी. ती उतरलेली असेल तर द्रव कुठेतरी बाहेर पडतो आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला खाली बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी मागे सारून पाहावी. आत द्रव साचलेला असला तर सिलिंडरचे सील गेले आहे. या गाडीत हा दोष इतका सर्रास आढळतो की मी पेडल दाबून पाहण्याआधी टोपीच सारून पाहतो. तिथे कोरडे असेल तर डॅशबोर्डखाली वाकून पेडलचा दांडा जिथे मास्टर सिलिंडरमध्ये शिरतो तिथे बोट फिरवावे. दोन्ही ठिकाणी कोरडे असूनही पेडल एकदा बसते आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येते, तर नळीत हवा आहे किंवा मास्टरमधले सील आतल्या आत द्रव मागे सोडते आहे. स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्ट आणि एक नळी सोडवून निघतो. नुसते रबरी सील बदलण्याचा मोह होतो, पण सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे असतील तर नवे सीलही लवकरच फाटते, म्हणून पूर्ण सिलिंडर बदलणे शहाणपणाचे. दोघांचे वय सारखे असल्यामुळे स्लेव्हपाठोपाठ मास्टरही जाण्याची शक्यता धरून ठेवावी. बसवून झाल्यावर मदतनिसाने पेडल दाबून धरायचे, आपण हवा काढण्याची निपल उघडून बंद करायची, आणि मगच पेडल सोडायचे, या क्रमाने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. टाकी मध्येच रिकामी पडू देऊ नये, नाहीतर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. ब्रेक ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4 प्रतीचे, नव्या सीलबंद डब्यातलेच घ्यावे, कारण ते हवेतला ओलावा शोषून घेते. ते रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

हँडब्रेकविषयी एक सावधगिरी. केबल आवळण्याआधी मागच्या कॅलिपरवरचे (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागावरचे) समायोजन पाहावे, कारण मूळ कारण बहुधा तिथे असते. कॅलिपरच्या मागे एका बोल्टखाली 4 मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरणारा स्क्रू लपलेला आहे. तो उजवीकडे आवळत नेऊन चाक अडले की साधारण एक तृतीयांश फेरा उलटा सोडावा. मागचे ब्रेक पॅड बदलतानाही पिस्टन आत घ्यायचा तो हाच स्क्रू उलटा फिरवून. क्लॅम्प लावून जोराने पिस्टन दाबणारे कॅलिपरच्या आतली यंत्रणा मोडतात आणि मग ती निकृष्ट होती असे सांगतात. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकलेल्या असतील तर साफ करून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. त्यापुढची, म्हणजे ब्रेकच्या गंजलेल्या लोखंडी नळ्या बदलण्याची वगैरे कामे, पूर्वी कोणाच्या देखरेखीखाली केलेली नसतील तर स्वतः करू नयेत.

आता इंजिन. सकाळची टकटक सुरू झाल्यापासून थोड्याच वेळात, इंजिन गरम होता होता थांबत असेल, तर ती हायड्रॉलिक टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या भागांची आहे. गाडी उभी असताना त्यांतले तेल निथळते आणि दाब येईपर्यंत ती वाजतात. योग्य प्रतीचे तेल वेळेवर बदलले की आवाज बराच कमी होतो. त्यासाठी इंजिन उघडण्याची गरज नाही. टकटक गरम इंजिनावरही टिकून राहिली, किंवा भार दिल्यावर खोल ठोके ऐकू आले, तर मात्र गाडी चालवणे थांबवावे.

मागच्या अंगाच्या तेलाबद्दल वर्कशॉपने सांगितले ते मला सगळ्यात कमी पटते. इंजिनाच्या वरच्या भागाच्या मागच्या टोकाला, इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ (फायरवॉलजवळ), ठिणगीची वेळ ठरवायला मदत करणारा कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो. त्याची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, कालांतराने लाकडासारखी कडक होते आणि तिच्यातून निघालेले तेल इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर उतरते. खालून पाहणाऱ्याला ते मागच्या ऑइल सीलचे वाटते. वाटेत हेच तेल हीटरच्या रबरी नळ्यांवरही पडते आणि त्या फुगून मऊ होतात. त्यामुळे तो भाग डीग्रीझरने स्वच्छ करावा, गाडी थोडे दिवस चालवावी, आणि मग आरसा व टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यावे. पहिला ओला ठिपका जिथे दिसेल तिथेच गळती आहे. सेन्सर काढायचा झाल्यास आधी सेन्सर आणि इंजिन या दोहोंवर सलग एक बारीक रेघ अणकुचीदार टोकाने कोरून ठेवावी, कारण सेन्सर थोडा जरी फिरवून बसवला तर इग्निशन टायमिंग बदलते. मग 12 नंबरच्या पान्याने त्याचा एकच बोल्ट सोडवायचा, सेन्सर मागे ओढायचा, जुनी ओ-रिंग कापून काढायची, नवी तेलात बुडवून बसवायची आणि रेघ जुळवायची. गळती या जागी सापडली नाही तर व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट पाहावे, आणि तेही कोरडे असेल तरच मागच्या सीलचा विचार करावा.

आयडलिंग वरखाली होण्याचे कारण बहुधा न मोजलेली हवा असते. या 1.6 लिटर इंजिनात आत येणारी हवा एअरफ्लो मीटरच्या झडपेने मोजली जाते. मीटर आणि थ्रॉटल यांच्यामधला वळ्यांचा रबरी पाइप वयाने वळ्यांच्या तळाशी चिरतो. सहज पाहिले तर चीर दिसत नाही. पाइप दोन्ही हातांनी वाकवून वळ्या उघडाव्यात, मग ती दिसते. तिथून आत गेलेल्या हवेचा संगणकाला पत्ता नसतो आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते. याच पाहणीत व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांची टोके तपासावीत. ती सैल झाली असतील तर थोडी कापून नव्या जागी घट्ट बसवता येतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन मिसिंग करत असेल तर स्पार्क प्लगच्या वायरी पाहाव्यात. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा उडवला की जिथून ठिणग्या गळतात ती जागा दिसते. या वेळी वायरींना हात लावू नये. वायरी एकेक करूनच बदलाव्यात म्हणजे सिलिंडर पेटण्याचा 1-3-4-2 हा क्रम चुकत नाही. स्पार्क प्लगच्या टोकांमधले अंतर 1.1 मिलिमीटर ठेवावे.

ही सगळी तपासणी झाल्यावरच आयडलिंगच्या स्क्रूला हात लावावा. बॉनेटखालच्या डायग्नोसिस डब्यात टीईएन आणि जीएनडी अशी दोन छिद्रे आहेत. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, दिवे व पंखा बंद ठेवून, ती दोन्ही छोट्या वायरीने जोडली की संगणक आयडलिंग सावरण्याचे थांबवतो. त्या अवस्थेत आयडलिंग 850 आरपीएमच्या आसपास आणायचे आणि टायमिंग लाइटने इग्निशन 10 अंशांवर आहे का पाहायचे. सेन्सर काढला असेल तर ही खात्री आवश्यकच आहे. वायर न जोडता स्क्रू फिरवणाऱ्याला वाटते आपण आयडलिंग लावले, प्रत्यक्षात संगणक तितकेच उलट्या दिशेने सावरत असतो, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार तशीच राहते.

रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा रंगही या निमित्ताने पाहावा. मूळची काळी टाकी तपकिरी-हिरवट झाली असेल तर ती ठिसूळ झाली आहे आणि गळू लागण्याआधीच बदलणे बरे.

ब्रेकच्या गंजलेल्या नळ्या सोडल्या तर वर्कशॉपकडे द्यावे असे माझ्या मते एकच काम आहे, आणि ते म्हणजे टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा योग्य वेळी उघडवणारा पट्टा. तो सुमारे 96,000 किलोमीटरला बदलायचा असतो, पण गाडीचा इतिहास माहीत नसेल तर अंतर न पाहता बदलावा. हे काम देताना पुढच्या क्रँक पुलीकडे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या चाकाकडे) स्वतः पाहून ठेवावे. सुरुवातीच्या 1.6 लिटर इंजिनांमध्ये क्रँकचे पुढचे टोक आखूड होते. पुलीवर चार खाचा दिसल्या तर तुमचे इंजिन त्यांपैकी आहे, आठ दिसल्या तर नंतरचे सुधारलेले. चार खाचांच्या इंजिनात पुलीचा मधला बोल्ट नीट आवळला गेला नाही तर पुलीला क्रँकशी जखडणाऱ्या छोट्या लोखंडी चावीची खाच झिजते आणि पुली डगमगू लागते. म्हणून इंजिन चालू असताना बाजूने पुली सरळ फिरते का ते पाहावे, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच, कंपनीने दिलेल्या मापाने आवळला जाईल, हे काम देण्यापूर्वी मेकॅनिककडून स्पष्ट वदवून घ्यावे. पुली आधीच डगमगत असेल, तर बेल्टच्या आधी तिचा निकाल लावावा लागेल.